रविवारची ड्युटी, घरचा खर्च आणि देवाला पहिली जागा : गोव्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींशी बोलायचंय

नगरची_लेक

जय ख्रिस्त मंडळी. इथे नेहमी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. मिशनच्या शाळेत शिकलेलं घर, रात्री जेवणाआधी शास्त्रवाचन आणि ना. वा. टिळकांची भजनं. लग्नानंतर गोव्यात आलो, पर्वरीला राहतो. नवरा वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत, फिरत्या शिफ्ट. मी कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात हाउसकीपिंग बघते. हॉटेल लाइनमधल्यांना सांगायला नको की सीझनमध्ये रविवार म्हणजे काय असतो. शनिवारी भरलेल्या खोल्या रविवारी सकाळी रिकाम्या होतात आणि दुपारच्या आत पुढच्या पाहुण्यांसाठी तयार लागतात. आमची मराठी उपासना नेमकी त्याच वेळी. महिन्यात एखादा रविवार मिळाला तर मिळाला.

मत्तय ६:३३ लहानपणापासून पाठ आहे. आधी देवाचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व शोधा, बाकीचं सगळं तुम्हाला मिळेल. माहेरी हे वचन भिंतीवर होतं, आता आमच्याही आहे. पण ‘आधी’ कसं आणायचं, हे मला खरंच कळत नाहीये. पहाटे उठल्याबरोबर दोन डबे, मुलांची शाळा, नवरा रात्रपाळीहून येणार तर त्याचं जेवण. प्रार्थना होते ती बसमध्ये, उभ्या उभ्या. दशमांशाचं तेच. पगारातून दहावा हिस्सा काढला की नगरला सासूबाईंच्या औषधांना पाठवायला कमी पडतं. त्या विधवा आहेत, आमच्याशिवाय कोणी नाही. आणि मुलं इथल्या शाळेत कोकणी आणि इंग्रजी प्रार्थना शिकतात, मराठी प्रार्थना म्हटली की त्यांना परकी वाटते.

नुसतं ‘विश्वास ठेवा’ असं नका सांगू, तो आहे. तुमच्या घरात हे कसं चालतं ते लिहा.

साळगावची_सून

ताई, धागा आवडला. मी वसईची, कॅथलिक. लग्न होऊन बार्देशात आले. तुमची उपासना वेगळी, पण अडचण तीच आहे. माझे दीर कांदोळीला हॉटेलच्या किचनमध्ये आहेत.

आमच्याकडे रविवारचं एक सोपं आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात हे स्पष्ट आहे. अनेकांना वाटतं ही आळशी लोकांसाठी केलेली सवलत आहे, तसं अजिबात नाही. बायबलमधला दिवस मावळतीपासूनच सुरू होतो. दीर शनिवारी ब्रेक मागून संध्याकाळच्या मिस्सेला जातात आणि रविवारी निश्चिंत मनाने शंभर लोकांचा नाश्ता करतात. कुटुंबाची गरज किंवा लोकांची महत्त्वाची सेवा आड येत असेल तर रविवारच्या विश्रांतीतून सूट मिळते, हे आमच्या धर्मशिक्षणातच आहे. तुमच्या पाळकसाहेबांना विचारून बघा, शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी कोणाच्या घरी छोटी उपासना ठेवता येईल का. हॉटेलातली, इस्पितळातली, कंपनीतली माणसं तुमच्या मंडळीत बरीच असणार.

घरातलं सांगते. सासरी संध्याकाळी तेर्स होते, म्हणजे जपमाळ. सासूबाईंचा नियम एकच, तेर्स सुरू झाल्यावर फोन वाजला तरी कोणी उठायचं नाही. कोणी पाहुणा आला तर त्यानेही बसायचं, नाहीतर बल्कांवात, म्हणजे ओसरीवर, थांबायचं. संपली की लहानांनी मोठ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचं, हात जोडून, एकेकाकडे. भांडून बसलेल्या मुलालाही ज्याच्याशी भांडला त्या काकाकडे जावं लागतं. मी नवीन असताना मला हे फार कडक वाटायचं. आता माझीच मुलगी शेजारच्या मुलांना रांगेत उभी करते.

बसमधली प्रार्थना कमी समजू नका.

जुना_शिक्षक

साळगावच्या ताईंचा प्रतिसाद उत्तम. पण मी थोडा वेगळा सूर लावतो.

‘बसमधली प्रार्थनाही प्रार्थनाच’ हे खरं आहे, आणि नगरच्या ताईंना ते ऐकून बरंही वाटेल. तरी माझं मत असं की दिवसातला एक ठरलेला वेळ देवाचा असलाच पाहिजे, मग तो दहा मिनिटांचा का असेना. मार्कच्या पहिल्या अध्यायात संध्याकाळी सगळं शहर दारात जमलंय, आजारी, भूतबाधा झालेले. दुसऱ्या दिवशी येशू अंधार असतानाच उठून एकांतात जातो. शिष्य शोधत येतात, म्हणतात सगळे तुम्हाला शोधताहेत. काम संपलेलं नव्हतं, लोक अजून दारात होते, आणि तरी तो आधी पित्याकडे गेला. काम आटोपल्यावर प्रार्थना करू असं ठरवलं तर ती वेळ कधीच येत नाही, हे मी पस्तीशीतल्या बापांना आणि सत्तरीतल्या आजोबांना सारखंच लागू झालेलं पाहिलंय.

निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, तोही बघा. तो सकाळी गोळा करायचा, ऊन चढलं की वितळून जायचा. पण त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट मिळतो, म्हणजे शब्बाथाला, विश्रांतीच्या दिवशी, कोणाची उपासमार होऊ नये याची सोय देवानेच केली आहे. ताई, तुमचा शब्बाथ रविवारी पडत नसेल तर आठवड्यातल्या सुटीच्या दिवशी तो पाळा. त्या दिवशी कपड्यांचा ढीग उपसायचा नाही. नवऱ्याची सुटी त्याच दिवशी जुळवून घ्या, निदान महिन्यातून एकदा.

मराठीबद्दल एक. साष्टीत राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत लिहिली, ती मराठीत, आणि ती राशोलला १६१६ मध्ये छापली गेली. इथल्याच नवख्रिस्ती लोकांनी ऐकावी म्हणून. गोव्यातल्या ख्रिस्ती घरात मराठी प्रार्थना म्हणणं ही चारशे वर्षांची जुनी गोष्ट आहे. मुलांना हे सांगा, आणि मराठी प्रार्थना म्हणायची ती त्यांच्या आजीसोबत फोनवर म्हणायला लावा. शाळेतली कोकणीही राहू द्या. लेकरांना दोन्ही यायला हव्यात.

रात्रपाळीची_नर्स

शिक्षक सर, आदर ठेवून लिहिते. ठरलेला वेळ हे सगळं खरं आहे, पण शिफ्टवाल्या बाईचा ‘ठरलेला’ वेळ दर आठवड्याला बदलतो. पहाट म्हणाल तर ती माझ्या ड्युटीचा सगळ्यात वाईट भाग. ताप चढतात, सलाईन बदलायचं, कोणाला धाप लागते.

मी काय करते ते सांगते. प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हात धुवावेच लागतात. तेवढ्या वेळात मी त्या पुढच्या माणसाचं नाव घेऊन देवाला सांगते, हा तुझा आहे, माझ्या हातून नीट होऊ दे. कधी कधी नुसतं नाव. एका शिफ्टमध्ये कितीतरी वेळा होतं. माझ्या आईला हे पुरेसं वाटत नाही, ती म्हणते गुडघे टेकल्याशिवाय कसली प्रार्थना. सुटीच्या दिवशी मी गुडघेही टेकते.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू होते, मठाच्या स्वयंपाकघरात राबणारे. भांड्यांच्या आवाजातही देव तितकाच जवळ असतो ही त्यांची शिकवण. मात्र ते मठात होते, दिवसातून ठरावीक वेळा सगळ्यांबरोबर प्रार्थनेला बसत होते, हेही खरं. त्यामुळे सर, तुमचं म्हणणं मी खोडत नाहीये.

पण आपल्या गोव्याचंच उदाहरण घ्या ना. संत जोसेफ वाझ. १६५१ मध्ये बाणावलीला जन्म, घराणं सांकवाळचं, २०१५ मध्ये संतपद. डचांनी श्रीलंकेत कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली होती, म्हणून १६८७ मध्ये मजुराच्या वेशात तिकडे गेले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्याच घरच्या आजाऱ्यांना रानात सोडून पळत होते. हा माणूस त्यांना शोधून काढत होता, झोपड्या बांधून त्यात ठेवत होता, जेवू घालत होता, मेलेल्यांना पुरत होता, धर्म न विचारता. त्यांच्या दिवसात देव पहिला कुठे होता असं कोणी विचारलं तर मी त्या झोपड्यांकडे बोट दाखवीन. माझ्या वॉर्डात हे मला रोज आठवतं.

रायची_शेतकरीण

आमच्या राय गावात ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त असतं, नोसा सिन्योरा द नेव्हिस म्हणजे हिममातेच्या सणाला. ताळगावला ते २१ ऑगस्टला. पाद्रीबाब शेतात येतात, पहिली कणसं विळ्याने कापतात, आशीर्वाद देतात, मग ती वेदीवर आणि प्रत्येक घरात जातात. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडे चवथीच्या वेळी नवें असतं, तेही असंच कणसांचं. एकमेकांना देतो आम्ही.

हे लिहायचं कारण सांगते. ५ ऑगस्टला आमचं शेत कापणीला आलेलं नसतं. भात कापायचं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात. ऑगस्टच्या सुरुवातीला बहुतेक शेत हिरवंच, कुठे कुठे लवकरच्या जातीचं कणीस बाहेर पडलेलं. पुढे पाऊस लागून राहिला तर सगळं आडवं पडून कुजू शकतं. पीक किती येईल ते माहीत नसताना पहिलं कणीस देवाला जातं. कोठार भरल्यावर त्यातलं थोडं काढून देणं सोपं. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला या दोन्हीतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आणि ती मूठभरच कणसं असतात हो. पाद्रीबाब सगळं शेत मागत नाहीत. नगरच्या ताईंनी पगार झाल्याबरोबर, वाणी आणि भाडं द्यायच्या आधी, जमेल तेवढी रक्कम बाजूला काढावी. लहान असली तरी आधी काढावी. माझा नवरा तारवटी होता, जहाजावरून पैसे यायचे तेव्हाही आम्ही असंच करायचो.

शास्त्रपाठ

दशमांशाबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण या विषयावर गरीब विश्वासणाऱ्यांच्या मनात फार भीती घातली जाते आणि ते पाहून मला त्रास होतो.

सगळा दशमांश कोठारात आणा म्हणणारं मलाखी ३:१० सगळ्यांना तोंडपाठ असतं. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातलं १४:२८-२९ कोणी वाचून दाखवत नाही. तिथे लिहिलंय की दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा आणि तो लेवी (म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातला), उपरा, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खायचा. म्हणजे ज्या नियमावर बोट ठेवून ताईंना अपराधी वाटायला लावलं जातं, त्याच नियमात त्यांच्या सासूबाईंचा वाटा देवाने स्वतः लिहून ठेवलाय. रायच्या ताईंनी पहिल्या कणसाचं लिहिलं. अनुवाद २६ मध्ये पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवल्यावर पुढची आज्ञा अशी की तू, लेवी आणि तुझ्यात राहणारा परका मिळून आनंद करा.

मार्क ७ वाचा. ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केलेलं. आईबापाला जे द्यायचं ते कुर्बान म्हणून जाहीर केलं की आईबापासाठी काही करावं लागत नाही, अशी पळवाट लोकांनी काढली होती. देवाच्या नावाने आईबापाला उपाशी ठेवणं. येशू त्यावर इतका चिडलेला आहे की तो भाग हळू आवाजात वाचताच येत नाही. पौल तर १ तीमथ्य ५ मध्ये सांगतो की विधवेची मुलंनातवंडं असतील तर त्यांनी आधी आपल्या घरच्यांशी धर्माने वागायला शिकावं, आणि जो घरच्यांची तरतूद करत नाही तो अविश्वासणाऱ्याहून वाईट.

सारफथच्या विधवेची गोष्टही नेहमी सांगतात. एलीया संदेष्ट्याने तिला आधी माझ्यासाठी छोटी भाकर कर असं सांगितलं, आणि तिने केली. पण पुढे काय झालं? तिच्या घरातलं पीठ सरलं नाही, ती, तिचा मुलगा आणि घरचे पुष्कळ दिवस जेवले. देवाने तिच्याकडून घेतलं ते तिचं घर वाचवायला. ही गोष्ट सांगून औषधाचे पैसे गोळा करून नेणारे या शेवटापर्यंत येतच नाहीत.

ताई, सासूबाईंचं औषध तुमच्या दानातच धरा. वर मंडळीच्या पेटीत जे मनापासून घालता येईल ते घाला. २ करिंथ ९:७ मध्ये जबरदस्तीला जागा नाही.

नगरची_लेक

शास्त्रपाठ, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. अनुवाद १४ मी आयुष्यात कधी या नजरेने वाचलं नव्हतं. नर्स ताई, हात धुताना नाव घेणं मी उद्यापासून खोल्यांच्या बाबतीत करून बघणार. माझ्या हाताखालच्या मुली खोल्या करतात, त्यातल्या निम्म्या झारखंड आणि ओडिशातून आलेल्या, घर सोडून. त्यांची नावं घेईन.

शिक्षक सर, वेळेचं मात्र मला तुमचं पटलंय. विचार करतेय.

मांडवीवरचा

या धाग्यावर मी हे विचारू का नको माहीत नाही. मी सिंधुदुर्गातला, कॅथलिक. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर कॅश काउंटरला आहे. पगार चांगला, घरी आईवडील आणि बहिणीचं शिक्षण. माझं काम फक्त पैसे मोजून चिप्स देणं, चिप्स घेऊन पैसे देणं. फसवणूक करत नाही. पण रात्री तीन वाजता गळ्यातली सोनसाखळी काढून बघणारा माणूस समोर उभा असतो तेव्हा पोटात गोळा येतो. देव पहिला म्हणतो मी, मग मी सोडायला हवी का ही नोकरी? सुटीच्या रविवारी मिस्सेला जातो तेव्हा हाच प्रश्न घेऊन जातो आणि तोच घेऊन परत येतो.

बायणा_वास्को

सोडाच भाऊ. एका मालकाची चाकरी करा. गोव्यात काम कमी नाही.

शास्त्रपाठ

मांडवीवरचे भाऊ, तुमचा प्रश्न इथे विचारण्यासारखाच आहे.

लूकच्या शुभवर्तमानातले जकातदारांचे तीन प्रसंग बघा, तिन्ही वेळा उत्तर वेगळं आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला ते विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका. नोकरी सोडा असं म्हणत नाही. पाचव्या अध्यायात लेवी नावाच्या जकातदाराला येशू एवढंच म्हणतो की माझ्यामागे ये, आणि लेवी नाका तसाच सोडून उठतो. एकोणिसाव्यात जक्कय. तो अर्धी संपत्ती गरिबांना देतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो, आणि येशू त्याला नाका सोड असं एका शब्दाने सांगत नाही. तिघांचाही पैशाशी रोजचा संबंध होता, आणि राज्य जवळ आल्यावर तिघांच्याही पैशाच्या व्यवहारात काहीतरी हललं.

त्यामुळे बायणाच्या भावाचं एका ओळीचं उत्तर मी देणार नाही. तुमच्यावर तिघांचं पोट आहे. पण समोरच्या माणसाला बघून तुमच्या पोटात गोळा येतो, तो गोळा दाबू नका. तो तुम्हाला देवाने दिलाय असं मी मानतो. जोवर तिथे आहात तोवर त्या माणसाला एक ग्लास पाणी देऊन घरी जा म्हणणारा एक तरी माणूस त्या बोटीवर असेल. आणि दुसरी नोकरी शोधायला आजपासून लागा, शांतपणे, पगार थोडा कमी असला तरी चालेल हे घरच्यांशी बोलून. बहिणीला सांगा, तिला कळेल.

बायणा_वास्को

मीही सोडा म्हटलं ते पोटतिडकीनेच. माझा मोठा भाऊ जुगारात गेला. तुमच्या काउंटरपुढे उभा असलेला माणूस माझा भाऊ असू शकला असता. राग तुमच्यावर नाही. हॉटेलात अकाउंटचं काम बघत असाल तर वास्कोत एक-दोन ठिकाणी विचारतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डिचोलीकर

मी हिंदू, डिचोलीचा. धागा सुरुवातीपासून वाचतोय. म्हापशाच्या मिलाग्रीच्या फेस्ताला आमच्या घरचे दरवर्षी तेल घेऊन जातात, शिरगावची लईराई आणि मिलाग्री सायबीण बहिणी आहेत असं आमच्या आजीपासून ऐकत आलो. त्यामुळे परका म्हणून लिहीत नाही.

एक शंका मनापासून विचारतो. देव पहिला म्हटला की बाकीचे आपोआप दुसरे होतात ना? बायको, आई, शेजारी? आमच्याकडेही उपास-तापास, वारी, सोवळं यात घरचं माणूस कोपऱ्यात पडलेलं मी पाहिलंय. तुमच्याकडे याला काय उत्तर आहे?

वकिलाकडचा_कारकून

डिचोलीकर, तुमच्या शंकेवर मी रोज बसून असतो म्हणायला हरकत नाही.

मी म्हापशात एका वकिलाकडे आहे. आमच्याकडे सगळ्यात जास्त फायली इन्व्हेंटरीच्या, म्हणजे आईबाप गेल्यावर मालमत्तेच्या वाटणीच्या. गोव्याचा कायदा तसा सरळ आहे. मूळ १८६७ ची पोर्तुगीज संहिता, वारशापुरता आता २०१२ चा कायदा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी, मुलगा-मुलगी समान वाटा, आणि आईबापाला मृत्युपत्राने हवी तशी देता येते ती फक्त स्वतःच्या वाट्यातली अर्धी. कोणाचं काय हे कागदावर लवकर ठरतं. मग वर्षानुवर्षं चालतं ते काय? तर मोठ्या भावाने आईच्या दफनाला काय म्हटलं, बहीण मुंबईहून का आली नाही, देवघराचा ओरातोर, म्हणजे देव्हारा, कोणाच्या खोलीत राहणार. यात घर बंद पडतं, एक पावसाळा कौलं सरकतात, पुढच्या पावसाळ्यात वासा खाली येतो.

यातले बहुतेक पक्षकार रविवारी मिस्सेला जातात. काही तर रोज. सही करताना आधी खुरीस, म्हणजे क्रूसाची खूण, करतात, भावाचं नाव वाचताना तोंड फिरवतात. मला त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घ्यायची नाही, तेर्स म्हणताना ते खरंच रडत असतील. पण मी बायबल वाचतो तेव्हा मला १ योहान ४:२० दिसतं. डोळ्यासमोरच्या भावावर प्रेम नाही, तर न दिसलेल्या देवावर आहे असं कसं म्हणायचं?

तर डिचोलीकर, माझं उत्तर असं. देव पहिला असला की माझा मानपान, माझा वाटा, माझं खरं ठरणं मागे जातं. भाऊ मागे जात नाही. भाऊ मागे गेलाय असं दिसलं तर पहिल्या जागेवर दुसरंच कोणीतरी बसलेलं असतं.

जुना_शिक्षक

कारकून साहेब, तुम्ही जे लिहिलंत ते मी शाळेत असताना मुलांना शिकवायला हवं होतं असं वाटलं.

मत्तय ५:२३-२४ ची जोड देतो. तू अर्पण घेऊन वेदीपाशी आला आहेस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, जा, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. यात मला नेहमी दोन गोष्टी थांबवतात. एक, राग भावाच्या मनात आहे, अर्पण करणाऱ्याच्या नाही. चूक कोणाची याचा निवाडा झालेलाच नाही, तरी जायचं यानेच. दुसरी, ऐकणारे गालीलचे होते आणि वेदी यरुशलेमेत. जायचं म्हणजे काही दिवसांची चाल, येताना पुन्हा तेवढीच. अर्पण तोवर थांबणार, देव वाट बघणार. त्याने आपल्या सन्मानाचा मुहूर्त पुढे ढकलला, कोणासाठी, तर रुसलेल्या भावासाठी.

हे कुठल्या रिकाम्या माणसाचं मत नाही, ज्याने ६:३३ म्हटलं त्याचंच, त्याच डोंगरावरच्या प्रवचनातलं, एका अध्यायाच्या अंतरावर. दोन्ही वचनं एकत्र वाचली पाहिजेत. सहाव्यात राज्याबरोबर त्याचं नीतिमत्त्व शोधायला सांगितलंय, आणि ते नीतिमत्त्व कसं दिसतं हे त्याने पाचव्यात आधीच सांगून ठेवलंय. राग, नजर, शब्द पाळणं, शत्रूवर प्रेम. यात घड्याळाचा उल्लेख कुठेच नाही हे नर्सताईंच्या बाजूने कबूल करतो. तरी पहाटेच्या दहा मिनिटांचा माझा आग्रह मी सोडत नाही. भावाच्या दारापर्यंत चालत जायला जे बळ लागतं ते मला तरी दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही.

रात्रपाळीची_नर्स

सर, +१. आणि तडजोड म्हणून सांगते, शिफ्टवाल्यांनी वेळ घड्याळाला न बांधता घटनेला बांधावी. ‘सहा वाजता’ न म्हणता ‘ड्युटीचे कपडे बदलल्यावर, फोन हातात घ्यायच्या आधी’. शिफ्ट कुठलीही असली तरी कपडे बदलतोच. मला हे लागू पडलं.

डिचोलीकर

कारकूनदादा, शिक्षक सर, उत्तर मिळालं. माझ्या काकांकडे जायचं राहिलंय, एवढंच लिहितो.

मांडवीवरचा

बायणाचे दादा, व्यनि केला आहे. शास्त्रपाठ, देव बरें करूं. घरी फोन करून बहिणीशी बोललो. ती म्हणाली की मी कधी विचारीन याचीच वाट बघत होते, ती शिकवण्या घेईल. नोकरी मिळेपर्यंत आहे तिथेच आहे. पाण्याचे ग्लास काउंटरवर ठेवायची परवानगी मागितली, मिळाली.

नगरची_लेक

सगळ्यांचे आभार. घरी बसून आम्ही दोघांनी काय ठरवलं ते लिहिते, म्हणजे कोणाला उपयोग झाला तर होईल.

पगाराच्या दिवशी, भाड्याच्या आधी, दोन पाकिटं. एक सासूबाईंचं, एक मंडळीचं. दुसरं लहान आहे, रायच्या ताईंनी म्हटल्यासारखं आधी निघेल एवढं नक्की. दोन्ही पाकिटांवर मुलगा वचन लिहिणार आहे, त्याचं अक्षर चांगलं आहे.

नर्सताईंची युक्ती दोघांनी घेतली. युनिफॉर्म घालून झाला की फोनच्या आधी एक स्तोत्र आणि प्रार्थना. नवऱ्याच्या आणि माझ्या वेळा वेगळ्या, त्यामुळे एकमेकांसाठी कागदावर स्तोत्राचा आकडा लिहून ठेवायचा, दुसऱ्याने तेच वाचायचं. मुलं रात्री आजीला फोन लावून तिच्याबरोबर प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणणार. आजी पहिल्याच दिवशी इतकी खूश झाली की प्रार्थनेनंतर तिने पूर्ण भजन म्हटलं आणि मुलांनी ऐकलं.

मॅनेजरशी बोलले. महिन्यातले दोन रविवार सकाळऐवजी दुपारची पाळी, बदल्यात शनिवारी रात्री मी थांबायचं. माझ्या हाताखालच्या मुलींपैकी तिघी ख्रिस्ती आहेत, त्यांनाही आळीपाळीने रविवार सकाळ मिळावी असं त्याच बोलण्यात मांडलं. त्यावर अजून ‘बघू’ आहे. मी लावून धरणार आहे, माझ्यापुरती सुटी घेऊन गप्प बसणं आता जमणार नाही.

पाळकसाहेबांना संध्याकाळच्या उपासनेचं विचारलं. त्यांचं म्हणणं घर मिळालं तर ते येतील. आमची खोली लहान आहे, दहा माणसं बसणं कठीण. पर्वरी-म्हापसा बाजूला कोणाकडे जागा असेल तर सांगा. उपासना मराठीत, बाजाची पेटी आमची आम्ही आणू.

साळगावची_सून

जागा आमच्याकडे आहे ना. बल्कांव आणि साला (दिवाणखाना) मिळून पंचवीस माणसं आरामात बसतात. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या तेर्सची वेळ सोडून कधीही, आणि मराठी भजनं त्यांनाही ऐकायची आहेत. तुमचे पाळकसाहेब आणि आमचे फादर दोघांना आधी कळवू म्हणजे कोणाच्या मनात काही राहणार नाही. शनिवारी तेर्स झाल्यावर, साडेसातनंतर चालेल का? पर्वरीहून येणाऱ्यांनी शेवटच्या बसची वेळ आधी बघून ठेवा. जाताना कोणाची गाडी नसेल तर माझे दीर सोडतील, त्या वेळी ते कामावरून घरी आलेले असतात.